आमचं अक्षेत्र

रावेरमध्ये कुणाची जमीन किती, हे एकरांत सांगायची पद्धत नाही. खोडांत सांगतात. "त्याचं काय सांगता, १५ हजार खोड हाये," असं कुणी म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात पाच-पाच फुटांवर केळी लावतो, एकराला १,७४० धरून भागाकार करतो आणि त्या घरात मुलगी द्यावी की नाही हे ठरवून चहाची बशी खाली ठेवतो. सातबारा पुढे कधीतरी निघतो. आधी खोडं निघतात.

आमच्या घरात हा हिशेब एका जागी येऊन अडतो. ती जागा म्हणजे तिकोना. आजोबांच्या जमिनीच्या वाटण्या झाल्या तेव्हा चौकोनी वावरं चौघा भावांनी घेतली आणि गाडरस्त्याच्या वळणात अडकलेला हा तीन कोपऱ्यांचा तुकडा कुणालाच नको म्हणून सामाईक ठेवला. झिरपत झिरपत तो माझे चुलतभाऊ अण्णा आणि मी, अशा दोघांवर आला. सामाईक याचा आमच्याकडचा अर्थ असा, की कष्ट अण्णांचे, पाणी अण्णांचं, आणि अक्कल माझी. माझ्या अकलेला ३० वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा आहे. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालो. त्यानंतरचं आयुष्य जळगावात एका बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेलं, पण रावेरात अजून मला कुणी नावानं हाक मारत नाही. लहानथोर सगळे 'बीएस्सी' म्हणतात. गावातले एमेस्सी झाले, पीएचडी झाले, त्यांची नावं शाबूत आहेत. मी पदवीवर थांबलो, म्हणून पदवी माझ्यावर थांबली.

गोष्ट मे महिन्यातली. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांची बातमी होत नाही, ४७ झाले तर होते. अशा दुपारी अण्णा ओट्यावर आले, डोक्याचं उपरणं सोडलं, माठातलं दोन तांबे पाणी प्यायले आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेले तीन आकडे माझ्यापुढे सरकवले. १२०, २००, ३३०.

"बीएस्सी, तिकोन्याच्या तीन बाजू हायेत या, फुटांत. औंदा मृगबाग लावनं हाये. टिश्यूची रोपं किती सांगू ते काढून दे."

मी सुखावलो. बँकेत ३० वर्षांत मला भूमिती कुणी विचारली नव्हती. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात हेरॉन नावाचा एक खटपट्या गणिती होऊन गेला. त्याच्या नावाचं सूत्र तेवढं माझ्या डोक्यात शाबूत होतं. तिन्ही बाजूंची बेरीज करायची, ती निम्मी करायची, त्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करायची, ते निम्मं आणि तिन्ही वजाबाक्या एकमेकांशी गुणायच्या आणि वर्गमूळ काढायचं. क्षेत्रफळ हातात. कोन मोजायला नको, उंची मोजायला नको, उन्हात जायला नको. जागच्या जागी बसून जमीन मोजण्याची इतकी सोय दुसऱ्या कुणी केलेली नाही.

मी मोबाईल काढला. बेरीज ६५०, निम्मे ३२५. त्यातून १२० गेले, २०५ राहिले. २०० गेले, १२५ राहिले. ३३० गेले... इथे अंगठा थांबायला हवा होता. पण अंगठा बँकेतला. खात्यात उणे आकडा दिसला की तो बिचकत नाही, व्याज लावून पुढे जातो. उणे ५ दाबले, गुणाकार केला, वर्गमूळ दाबलं. मोबाईलनं उत्तर दिलं: 'एरर'.

"काय म्हनते?" अण्णांनी विचारलं.

"चूक आहे म्हणतोय."

"कोनाची?"

हा प्रश्न आमच्या घराण्यात कुठल्याही गणितापेक्षा जुना आहे. मी उत्तर टाळलं आणि पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा 'एरर'. मोबाईलले ऊन लागलं असीन, असं म्हणून अण्णांनी तो वहिनींकडे दिला, वहिनींनी तो दहा मिनिटं माठाखालच्या ओल्या वाळूजवळ ठेवला. गार होऊन तो परत आला आणि गारपणे तेच म्हणाला.

मग मला बी.एस्सी.चं दुसरं वर्ष आठवलं. उणे संख्येला वर्गमूळ नसतं असं नाही, असतं, फक्त ते काल्पनिक असतं. मी कागदावर हिशेब केला. ६,४५३ काल्पनिक चौरस फूट. म्हणजे जवळजवळ सहा काल्पनिक गुंठे. एका खोडाला २५ चौरस फूट धरले तर २५८ काल्पनिक खोडं.

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. शेतकरी माणूस, सगळ्या बाजूंनी विचार करणार. मग म्हणाले, "भाव तरी खरा भेटीन का?"

"भाव काल्पनिक भेटेल. पण वादळही काल्पनिकच येईल."

मे-जूनमधलं वादळ ज्यांनी पाहिलं आहे, घड लागलेली अख्खी बाग सकाळी आडवी झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कळेल की अण्णा क्षणभर या सौद्याला राजी का झाले होते.

पण रोपं खरी विकत घ्यायची होती. तेव्हा अडलं कुठे ते शोधणं भाग होतं. अण्णांचा पाचवीतला नातू तिथेच लोळत होता. त्याला मी खराट्याच्या काड्या आणायला पिटाळलं. वहिनींचा खराटा नवा होता, याची दखल पुढे संध्याकाळी घेतली गेली. आम्ही तीन काड्या तोडल्या: १२, २० आणि ३३ सेंटिमीटरच्या. दहा फुटांना एक सेंटिमीटर. ३३ची काडी फरशीवर आडवी ठेवली. तिच्या एका टोकाला १२ची, दुसऱ्या टोकाला २०ची उभी धरून दोघींना एकमेकींकडे वाकवलं. त्या वाकल्या, वाकल्या, फरशीला टेकल्या, आणि तरी मध्ये एका सेंटिमीटरची फट राहिली. लग्नाच्या पंगतीत दोन टोकांना बसलेल्या विहिणी एकमेकींना घास भरवायला वाकाव्यात, सगळा मांडव बघत असावा, आणि घास मधल्या ताटात पडावा, तसं झालं.

"आजोबा, लहान काड्या दोन मिळून मोठीएवढ्यापन नाहीत," नातू म्हणाला.

एवढं एकच वाक्य या विषयात आहे. कुठल्याही दोन बाजू मिळून तिसरीला पुरून उरल्या पाहिजेत. तिन्ही जोड्या तपासायचीही गरज नाही. सगळ्यात मोठी बाजू धरायची आणि बाकीच्या दोघींनी एकी केली तर ती मोठी मागे पडते का, एवढं पाहायचं. चार भावांच्या घरात वाढलेल्या माणसाला हा नियम कुणी शिकवावा लागत नाही. आमच्याकडे थोरल्या काकांचा शब्द फार लांब होता. धाकटे दोघे एकत्र आल्याशिवाय घराला घरपण आलं नाही, आणि ते एकत्र आले तेव्हा वाटण्या झाल्या.

नातवाला आता चेव आला. त्यानं १२ आणि २० तशाच ठेवल्या आणि तिसरी काडी बदलत राहिला. ३२ची घेतली. दोन्ही लहान काड्या टोकाला टोक मिळून मोठीवर सपाट झोपल्या.

"भेटल्या!" तो ओरडला.

"भेटल्या, पण झोपल्या," मी म्हटलं. "मध्ये मुंगी तरी बसेल का?"

नाही बसली. आमच्या ओट्यावर मुंग्यांची टंचाई नाही, त्यामुळे हा प्रयोग लगेच झाला. त्याला मी आपल्या रेल्वेचा दाखला दिला. भुसावळकडून खंडव्याच्या गाडीत बसलं की सावदा, मग निंभोरा, मग रावेर. रुळावर मोजलं तर सावदा ते निंभोरा आणि निंभोरा ते रावेर ही दोन्ही अंतरं मिळून बरोब्बर सावदा ते रावेर होतं. वीतभरही जास्त नाही. तीन स्टेशनं आहेत, तीन अंतरं आहेत, पण मध्ये केळीचं एक खोड लावायला जागा नाही. तिन्ही ठिकाणांहून वर्षानुवर्षं केळी लादली गेली ती यांच्या मध्ये पिकून नव्हे, आजूबाजूच्या वावरांतून येऊन.

मग ३१ची काडी घेतली. हळूच, पाठीत उसण भरलेल्या माणसासारख्या त्या दोन काड्या जमिनीवरून उठल्या. ३० ला बऱ्यापैकी बसत्या झाल्या. खाली येत येत तो ८ वर पोचला. तिथे पुन्हा सगळं सपाट: १२ आणि ८ मिळून २० वर झोपल्या. म्हणजे १२० आणि २०० फुटांच्या बाजू पक्क्या असतील तर तिसरी ८० आणि ३२० यांच्या मध्येच कुठेतरी असली पाहिजे, आणि ही दोन्ही टोकं धरायची नाहीत. अण्णांचे ३३० त्या खिडकीच्या बाहेर उभे होते.

नातू एवढ्यावर थांबेना. त्यानं आगपेटी आणली आणि काड्या न मोडता त्रिकोण करायला बसला. १२ काड्यांचे त्याला तीन वेगळे त्रिकोण सापडले: ४-४-४, ३-४-५ आणि २-५-५. एक काडी त्याच्या बोटांतून फटीत पडली. ११ राहिल्या. तर ११ काड्यांचे चार निघाले: १-५-५, २-४-५, ३-३-५, ३-४-४. त्यानं पुन्हा मोजले. मीही पुन्हा मोजले. काडी कमी झाली आणि त्रिकोण वाढला. यामागचं गुपित असं, की सगळ्यात मोठी बाजू एकूण काड्यांच्या निम्म्यापेक्षा कमीच असावी लागते. ११ काड्या असोत की १२, मोठी बाजू पाचाच्या पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे बारावी काडी मोठीच्या उपयोगी पडत नाही, उलट लहान बाजूंची मोकळीक खाते. आणि चार काड्यांचा तर एकही त्रिकोण होत नाही. तीन काड्या असताना होतो, चौथी आली की संपलं.

"हे तं केळीसारखं झालं," अण्णा म्हणाले. "दाटीनं लावली का खोडं वाढतात नि घड घटतात."

खराट्याची उरलेली काडी डोळे मिटून दोन ठिकाणी मोडली तर तीन तुकड्यांचा त्रिकोण होईल का, हेही मी त्याला सांगितलं. हिशेबानं चारांत एकदाच होतो. ते पडताळून पाहायला त्यानं आणखी काड्या घेतल्या. वहिनींच्या खराट्याचा इथे निकाल लागला.

"म्हणजे अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही आणलेल्या बाजूंचं शेतच होत नाही. हे मी म्हणत नाही. भास्कराचार्य म्हणतात."

भास्कराचार्यांचं नाव मी उगाच घेतलं नव्हतं. ते आमच्या जिल्ह्याशी नातं असलेले गृहस्थ आहेत. चाळीसगावपासून १८ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत पाटणादेवी आहे. चंडिकेच्या दर्शनाला आमच्याकडून गाड्या भरून जातात. त्या पाटणच्या देवळात शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'चं आणि त्यांच्या इतर ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यानं पाटणला मठ स्थापला. तिथल्या निकुंभ राजांनी मठाला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारातल्या मालातून मठाला काय काय द्यायचं ते नोंदलं आहे. म्हणजे आमच्या जिल्ह्यात एके काळी बाजारात माल आणला की त्यातला वाटा गणिताला द्यावा लागत असे. ही पद्धत टिकली असती तर आज रावेरहून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे एक फणी बीएस्सीला मिळाली असती.

चांगदेव म्हटल्यावर अण्णांनी हात जोडले. आमच्याकडे चांगदेव म्हणजे तापी-पूर्णेच्या संगमावरचे, वाघावर बसणारे. ते वेगळे, हे गणितवाले, हे समजावण्यात एक चहा गेला.

तर या चांगदेवाच्या आजोबांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली 'लीलावती' लिहिली. तिच्यात क्षेत्रव्यवहार नावाचं प्रकरण आहे. आकृतीला त्यांचा शब्द क्षेत्र, आणि आमच्या सातबाऱ्यावर जमिनीच्या मोजमापाच्या रकान्यालाही शब्द क्षेत्रच. त्या प्रकरणात ते सांगतात की सरळ बाजूंची एखादी आकृती कुणी पुढे केली आणि तिच्यातल्या एका बाजूपेक्षा बाकीच्या बाजूंची बेरीज कमी किंवा अगदी तेवढीच भरली, तर ते क्षेत्र समजू नका. ते अक्षेत्र. उदाहरणाला त्रिकोण घेतला आहे ३, ६ आणि ९ बाजूंचा. सावदा-निंभोरा-रावेरसारखा, भेटून झोपलेला. आणि असं गणित घालणाऱ्या माणसाला त्यांनी एक विशेषण लावलं आहे: धृष्ट.

"धृष्ट मंजे?"

"उर्मट. धीट. नाही ते विचारणारा."

अण्णांचा चेहरा उतरला. "मी काय उर्मटपना केला? रोपं किती लागतीन, एवढंच तं विचारलं."

ज्यांना आमच्याकडे गावभर कुणी उलट बोलत नाही, त्यांना पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या माणसानं पुढच्या माणसांसाठी लिहून ठेवलं होतं की हे असे येतील. मला अण्णांची दया आली. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की अशा माणसाला समजवायची रीतही तिथे दिली आहे. बाजूंच्या मापाच्या सरळ काड्या घ्या, जागच्या जागी मांडा आणि होत नाही ते दाखवा. आम्ही दुपारभर केलं ते नेमकं हेच. "वहिनी, तुमचा खराटा शास्त्रात बसतो," असं मी आत ओरडून सांगितलं. आतून भांड्याचा आवाज आला. तो शास्त्राच्या बाजूचा नव्हता.

पण 'सरळ' हा शब्द माझ्याच तोंडून निघून माझ्याच कानात अडकला. भास्कराचार्यांनी तो घातला होता. मी अण्णांकडे वळलो.

"बाजू सरळ मोजल्या ना?"

"मंग? ठिबकची ५० फुटी नळी लावून मोजल्या. ताणून धरली व्हती." ठिबकच्या नळीनं जमीन मोजणं हे खान्देशात अशास्त्रीय मानत नाहीत. दुपारी ती उन्हानं लांबते, पहाटे आखडते, आणि खरी लांबी दोन्हींच्या मध्ये असते, एवढा हिशेब प्रत्येकाला येतो. "रस्त्याकडची १२०. वळणापुढची २००. ह्या दोन बरोबर हायेत."

"आणि तिसरी?"

अण्णांनी उपरणं झटकलं. "तिसरी नाल्यातून मोजली."

"नाल्यातून का?"

"बांधावर बाभळी हायेत."

"बांधाच्या आतून सरळ पायवाट आहे की. तिच्यावरून का नाही मोजली?"

अण्णा काहीच बोलले नाहीत, आणि मला सगळं कळलं.

ती पायवाट हे अण्णांचं आयुष्यभराचं दुखणं आहे. गाडरस्ता तिकोन्याला वळसा घालून जातो: आधी १२० फूट, मग वळण, मग २०० फूट. गावाला या वळणाशी काही कर्तव्य नाही. शाळेची पोरं, दूधवाले, बकऱ्या, शिवारात जाणाऱ्या बाया, सगळे रस्ता सोडून एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत तिकोन्यातून आडवे जातात. अण्णांनी बोरीच्या काट्या टाकून पाहिल्या, लोकांनी त्या बाजूला करून ठेवल्या, तेही नीट रचून. पाटी लावली, तर पाटीवर लोक ओल्या चपला वाळत घालायला लागले. पाणी सोडून चिखल केला, तर दोन दिवसांत त्यात कुणीतरी विटा टाकून दिल्या. शेवटी अण्णांनी एकच शस्त्र उरवलं. ती वाट आहे हेच ते मानत नाहीत. तिच्यावर त्यांचं पाऊल पडत नाही. म्हणून मे महिन्याच्या उन्हात स्वतःच्या वावराची बाजू मोजताना ते नाल्यात उतरले, नातवाला नळीचं दुसरं टोक देऊन बाभळींना वळसे घालत पलीकडच्या दगडाला पोचले, आणि एक बाजू ३३० फुटांची करून आले.

इथे मला आणखी एक प्राणी आठवला. युक्लिडनं त्याच्या भूमितीच्या पहिल्या पुस्तकात, विसाव्या प्रमेयात, दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात हे रीतसर सिद्ध केलं आहे. पाचव्या शतकात प्रोक्लसनं त्या पुस्तकावर टीका लिहिली, तिच्यात त्यानं एक जुनी थट्टा नोंदवून ठेवली आहे. एपिक्युरसचे अनुयायी म्हणत, हे सिद्ध करायला कशाला हवं, हे गाढवालाही कळतं. एका कोपऱ्यावर गाढव उभं करा, दुसऱ्या कोपऱ्यावर गवत ठेवा, ते दोन बाजूंनी फिरून जाणार नाही, सरळ एका बाजूनं जाईल. प्रोक्लसनं उत्तर दिलं की कळणं वेगळं आणि का ते सांगता येणं वेगळं. उत्तर चोख आहे. पण दोन हजार वर्षं लक्षात राहिलं ते गाढवच.

"मंजे गाढवालेबी समजते," अण्णा सावकाश म्हणाले, "नि मले..."

"तुम्हाला समजतं अण्णा. तुम्हाला राग येतो, एवढंच."

उन्हं उतरल्यावर आम्ही गेलो. अण्णा बांधाजवळ थांबले, मी आणि नातू नळी घेऊन पायवाटेवरून निघालो. इतकी सरळ रेघ मी मोजणीच्या नकाशावरही पाहिलेली नाही. कुणी शंकू लावला नव्हता, साखळी ताणली नव्हती. हल्ली जमीन मोजायला उपग्रहाशी बोलणारं रोव्हर नावाचं यंत्र येतं. रावेरनं ते काम बिनयंत्राचं, चपलांनी केलं होतं. दगडापासून दगडापर्यंत भरले २९० फूट.

ओट्यावर परत येऊन मोबाईल काढला. निम्मी बेरीज ३०५. वजाबाक्या १८५, १०५ आणि १५. तिन्ही अधिक. अंगठ्यानं वर्गमूळ दाबलं आणि ९,४२७ चौरस फूट आले. साडेआठ गुंठ्यांच्या वर, ३७७ खोडं. अण्णांनी दोन वेळा ऐकून घेतलं. बाजू ४० फुटांनी घटली होती आणि काल्पनिक जमीन खरी होऊन वर वाढली होती. असा व्यवहार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"मंग आनखी घटव की!"

घटवली तर वाढते, हे खरं होतं. पण काही हद्दीपर्यंतच. पहिल्या दोन बाजू काटकोनात आल्या की तिसरी साधारण २३३ फूट होते, आणि तेव्हा क्षेत्र सगळ्यात जास्त: १२,००० चौरस फूट, अकरा गुंठे, ४८० खोडं. त्याच्याही खाली गेलं की पुन्हा उतरण, आणि ८० फुटांवर पुन्हा सगळं आडवं. अण्णांनी लग्नपत्रिकेवर लगेच २३३ लिहिलं. त्यासाठी गाडरस्ता काटकोनात वळवावा लागेल, असं सांगितल्यावर त्यांनी तो आकडा खोडला, पण हलकेच खोडला, पुढे कधी वाचता यावा असा.

रात्री जेवण झाल्यावर आम्ही अंगणात खाटा टाकल्या. झोप येत नव्हती. अण्णा आढ्याकडे नव्हे, सरळ आभाळाकडे बघत म्हणाले, "एक सांग. लोकं त्या वाटेनं जातात, त्याहीचं वाचतं किती?"

"१२० आणि २००, ३२०. वाटेनं २९०. तीस फूट."

"तीस फूट मंजे बारा पावलं. बारा पावलासाठी माह्या वावरात पाय घालतात?"

मी हो म्हणणार होतो, पण तेवढ्यात माझ्याच डोक्यात उजेड पडला. तीस फूट. समजा ते वाचत नसते. समजा वाटेनं गेलं काय आणि रस्त्यानं गेलं काय, अंतर सारखंच असतं. मग तिसरी बाजू ३२० असती, दोन्ही काड्या मोठीवर झोपल्या असत्या, आणि ३७७ खोडांचं वावर शून्य खोडांचं झालं असतं. लोकांचे ते तीस फूट वाचतात म्हणूनच आमची जमीन आहे. जिच्यातून आडवं गेल्यानं कुणाचंच काही वाचत नाही अशी जमीन पृथ्वीच्या पाठीवर नाही. असली तर ती अक्षेत्र.

मी हे अण्णांना सांगितलं. तीन वेळा सांगावं लागलं, एकदा काड्या घेऊन. तिसऱ्या वेळी ते उठून बसले.

"मंजे जो तं माणूस आडवा जाते," ते म्हणाले, "तो माही जमीन खात नाही?"

"तो तुमची जमीन मोजतो."

बराच वेळ काही आवाज नव्हता. लांबून बऱ्हाणपूरकडे जाणारी मालगाडी गेली. अण्णा पुन्हा आडवे झाले. माझा समज झाला की झोपले.

मृग लागला तेव्हा मी जळगावात होतो. फोनवर कळलं की रोपं ३२० सांगितली. कोपऱ्याच्या चिंचोळ्या जागेत खोड बसत नाही, रस्त्याकडून थोडं सोडावं लागतं, एवढं माझ्या लक्षात होतं. तरी हिशेबात बरीच खोडं कमी पडत होती. ती कुठे गेली ते अण्णांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पोळ्याला गेलो तेव्हा तिकोन्यावर चक्कर मारली. केळी गुडघ्याच्या वर आली होती. बाभळींच्या अलीकडची एक ओळ मोकळी सोडलेली होती, आणि ती वाट आता दोन्ही बाजूंनी मातीचा सरळ वरंबा घालून नीट केलेली होती. अण्णा कोपऱ्यावरच्या दगडावर बसले होते. वाट रस्त्यापासून फुटते तिथे एक परगावचा माणूस सायकल हातात धरून घुटमळत होता. वावर दुसऱ्याचं, मालक समोर बसलेला, आत पाय घालावा की नाही असा त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न.

"जा ना भाऊ, हिकडूनच जा," अण्णा म्हणाले. "तीस फूट वाचतीन."